जिवाणुसंसर्गानंतरच्या मूत्रपिंडदाहाचे संगणकीय सिम्युलेशन कसे उभारावे

'ए' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा घशातील किंवा त्वचेवरील संसर्ग बरा झाल्यानंतर काही दिवसांनी, विशेषतः ५ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये, डोळ्यांभोवती सूज येते, लघवी काळपट-तांबूस होते, तिचे प्रमाण घटते आणि रक्तदाब चढतो. या वेळी जिवाणू मूत्रपिंडात नसतात. त्यांच्यापासून सुटलेली प्रथिने आणि त्या प्रथिनांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ग्लोमेरुलसच्या (मूत्रपिंडातील सूक्ष्म केशवाहिन्यांच्या गुंत्याच्या) गाळणीत एकत्र येतात, पूरक प्रथिनांची, म्हणजे रक्तातील संरक्षक प्रथिनांची, साखळी जागी होते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि गाळण मंदावते. या साखळीचे संगणकीय मॉडेल कसे बांधावे, ते कशाच्या कसोटीवर घासून पाहावे आणि त्याला कोणते प्रश्न विचारावेत, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. वाचकाला साध्या अवकल समीकरणांची ओळख आहे आणि पायथनसारखी एखादी संगणकभाषा वापरता येते, एवढे येथे गृहीत धरले आहे.

या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण सर्वात आधी रेणूंची यादी करू लागतात आणि पन्नास-साठ चलांचे जाळे विणून बसतात. माझे मत याच्या उलट आहे. या आजाराची खरी ओळख त्याच्या वेळापत्रकात आहे. संसर्ग आणि सूज यांच्यामधला रिकामा काळ, सी३ या पूरक प्रथिनाची घसरण आणि त्याची सावकाश होणारी भरपाई, गाळण दराचे पुनरागमन, या घटना ज्या क्रमाने आणि ज्या अंतराने घडतात तेवढे तरी मॉडेलने आपणहून दाखवले पाहिजे. आठ-दहा चलांचे मॉडेल हे करू शकत असेल तर ते पुढे वाढवावे. ते करू शकत नसेल तर त्यात आणखी चाळीस चले घातल्याने केवळ दोष झाकला जातो.

आधी कसोट्या लिहून काढा

संगणक उघडण्यापूर्वी मॉडेलकडून काय अपेक्षित आहे ते कागदावर लिहावे. घशाच्या संसर्गानंतर लक्षणे दिसेपर्यंत साधारण १ ते ३ आठवडे जातात. त्वचेच्या संसर्गानंतर हाच काळ ३ ते ६ आठवड्यांचा असतो. लक्षणे दिसतात तेव्हा रक्तातील सी३ घटलेले असते आणि ते बहुधा ६ ते ८ आठवड्यांत पूर्ववत होते. याच काळात सी४ हे दुसरे पूरक प्रथिन मात्र बहुतेक रुग्णांत सामान्य पातळीवर किंवा तिच्या जवळपास राहते. लघवीचे प्रमाण एक-दोन आठवड्यांत वाढू लागते, क्रिएटिनीन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो स्नायूंतील टाकाऊ पदार्थ) सुमारे ३ ते ४ आठवड्यांत मूळ पातळीवर येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे लघवीतील रक्त कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गाळणीच्या पटलाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पोडोसाइट पेशींच्या तळाशी, उंचवट्यांसारखे संचय दिसतात आणि तेही काही आठवड्यांत विरून जातात. संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार होतच नाही, आणि ज्यांना होतो त्यांतही लक्षणे न दिसणाऱ्यांची संख्या लक्षणे दिसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. आजार एकदा होऊन गेल्यावर पुन्हा होणे दुर्मीळ असते.

या यादीतील काही कसोट्या प्राचले (समीकरणांतील दर आणि इतर ठरवायचे आकडे) जुळवण्यासाठी वापराव्यात आणि काही जाणीवपूर्वक बाजूला राखून ठेवाव्यात. घशाच्या संसर्गाचा काळ आणि सी३चा आलेख जुळवणीसाठी वापरला असेल, तर त्वचेच्या संसर्गाचा लांबलेला काळ आणि सी४चे सामान्य राहणे या गोष्टी मॉडेलला न सांगता त्याच्याकडून निघतात का, हे नंतर तपासता येते. हा नियम पाळला नाही तर जुळवणी आणि पडताळणी यांतला भेदच उरत नाही.

चले आणि समीकरणे

पहिल्या आवृत्तीत जिवाणूंची वाढ समीकरणाने मांडू नये, असे मी सुचवेन. घशातील जिवाणूंच्या वाढीचा आणि नाशाचा वेग मोजणे अवघड असते, आणि मूत्रपिंडाच्या दृष्टीने फक्त एवढेच महत्त्वाचे असते की रक्तात प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटते ते जिवाणूचे प्रथिन, किती आणि किती दिवस येत राहिले. म्हणून 'प्रवेश' हा काळाबरोबर बदलणारा एक दिलेला आलेख धरावा: घशासाठी दोन दिवसांत चढणारा आणि आठवडाभरात उतरणारा, त्वचेसाठी सावकाश चढून तीन आठवडे रेंगाळणारा. काळाचे एकक दिवस असावे. प्रतिजन आणि प्रतिपिंड ही बंधनाच्या जागांच्या समतुल्य एककांत मोजावीत, म्हणजे एकास एक बांधले गेल्यावर हिशेब सोपा राहतो. सी३ सामान्य पातळीच्या पटीत मोजावे, म्हणजे निरोगी अवस्थेत त्याची किंमत १ असते.

गाभ्याची समीकरणे पुढे दिली आहेत. त्यांत 'रुतलेले' म्हणजे गाळणीत अडकलेले प्रतिजन, 'संकुल' म्हणजे एकमेकांना बांधलेले प्रतिजन आणि प्रतिपिंड, 'संचय' म्हणजे गाळणीत साठलेली संकुले, आणि प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंड स्रवणाऱ्या पेशी:

प्रतिजनाच्या बदलाचा दर = प्रवेश − (नाश × प्रतिजन) − (रुतण × प्रतिजन) − (बंधन × प्रतिजन × प्रतिपिंड)

रुतलेल्या प्रतिजनाच्या बदलाचा दर = (रुतण × प्रतिजन) − (सुटका × रुतलेले) − (स्थानिक बंधन × रुतलेले × प्रतिपिंड)

वाहत्या संकुलांच्या बदलाचा दर = (बंधन × प्रतिजन × प्रतिपिंड) − सफाई − (जमाव × आकारगुणक × वाहती संकुले)

प्रतिपिंडाच्या बदलाचा दर = (स्रवण × प्लाझ्मा पेशी) − (०.०३३ × प्रतिपिंड) − बंधनात खर्च झालेले प्रतिपिंड

संचयाच्या बदलाचा दर = (स्थानिक बंधन × रुतलेले × प्रतिपिंड) + (जमाव × आकारगुणक × वाहती संकुले) − (०.०५ × संचय)

सी३च्या बदलाचा दर = ०.३६ × (१ − सी३) − (खप × संचय × सी३)

यातील ०.०३३ हा आकडा आयजीजी या प्रमुख प्रकारच्या प्रतिपिंडाच्या सुमारे २१ दिवसांच्या अर्धायुष्यातून येतो. आयजीएम हा प्रतिपिंडाचा सुरुवातीला येणारा प्रकार वेगळा धरायचा असेल तर त्याचे अर्धायुष्य सुमारे ५ दिवस, म्हणजे दर दिवसाला साधारण ०.१४ ठेवावा. ०.३६ आणि ०.०५ या आकड्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

समीकरणांत संचयाकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिल्या मतानुसार संकुले रक्तातच तयार होतात आणि वाहत येऊन गाळणीत अडकतात. दुसऱ्या मतानुसार प्रतिजन आधी गाळणीत रुतते आणि प्रतिपिंड मागाहून येऊन त्याला तिथेच पकडते. स्ट्रेप्टोकॉकसचे जे दोन प्रतिजन या संदर्भात सर्वाधिक अभ्यासले गेले, त्यांतील एक्झोटॉक्सिन-बी हे धनभारित प्रथिन आहे आणि गाळणीचे पटल ऋणभारित असते. त्यामुळे ते पटलाला चिकटून पलीकडे सरकू शकते. दुसरे, म्हणजे प्लाझ्मिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराला पकडून ठेवणारे मूत्रपिंडदाहाशी निगडित ग्राही प्रथिन, प्लाझ्मिनची क्रियाशीलता जागेवरच टिकवून दाह वाढवते. पटलाच्या बाहेरच्या बाजूला दिसणारे उंचवटे मोठ्या वाहत्या संकुलांनी समजावणे कठीण जाते, कारण एवढे मोठे संकुल पटल ओलांडू शकत नाही. तरीही मॉडेलमध्ये दोन्ही वाटा ठेवून एकेक बंद करून पाहावे. कोणत्या वाटेने कोणती कसोटी पार होते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही मताची बाजू घेऊ नये.

'आकारगुणक' हा शब्द १९२९ पासून हायडेलबर्गर आणि केंडॉल यांनी संख्यात्मक पायावर उभ्या केलेल्या प्रतिजन-प्रतिपिंड संयोगाच्या अभ्यासाशी जोडलेला आहे. दोन्ही घटक जवळपास समप्रमाणात असतात तेव्हा मोठमोठी जाळी तयार होतात आणि यकृतातील व प्लीहेतील भक्षक पेशी ती लवकर उचलतात. प्रतिजन थोडे अधिक असते तेव्हा मध्यम आकाराची, विरघळलेली संकुले बनतात आणि ती रक्तात जास्त वेळ फिरत राहतात. म्हणून आकारगुणक हा प्रतिजन-प्रतिपिंड गुणोत्तराच्या लॉगॅरिथमवर आधारलेला घंटाकृती वक्र घ्यावा आणि त्याचे शिखर १ च्या किंचित वर ठेवावे. सफाईचा दर सरळ गुणाकाराने लिहू नये. भक्षक पेशींची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे संकुले वाढत गेली की सफाई एका कमाल मर्यादेला टेकते, असे संपृक्त सूत्र वापरावे.

प्रतिकाराला लागणारा वेळ

प्रतिजन दिसल्यापासून प्रतिपिंड पुरेसे होईपर्यंत काही दिवस जातात. हा विलंब समीकरणात 'सहा दिवसांपूर्वीचे प्रतिजन' असा थेट लिहिता येतो, पण मग विलंबित समीकरणांसाठी वेगळा सोडवणारा लागतो आणि सर्व पेशी एकाच क्षणी परिपक्व होतात असा कृत्रिम परिणाम दिसतो. त्याऐवजी पेशींना पायऱ्यापायऱ्यांनी पुढे न्यावे. चार पायऱ्या धरून प्रत्येक पायरी सोडण्याचा दर दिवसाला ०.६७ ठेवला, तर सरासरी विलंब ६ दिवस येतो आणि त्याचे प्रमाण विचलन ३ दिवस राहते. पायऱ्या वाढवल्या तर विचलन कमी होते, सरासरी मात्र हवी तेवढीच ठेवता येते.

हा भाग जुळला आहे का हे पाहण्यासाठी एक जुना प्रयोग फार उपयोगी पडतो. १९०५ मध्ये फॉन पिर्के आणि शिक यांनी घोड्याचे सीरम टोचल्यानंतर काही दिवसांनी येणाऱ्या आजाराचे वर्णन केले आणि तो शरीराच्या प्रतिसादामुळे होतो असे मांडले. पुढे १९५०च्या दशकात फ्रँक डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेले गाईच्या सीरमचे अल्ब्युमिन एकदाच टोचून त्याचे रक्तातील प्रमाण मोजले. लॉगॅरिथमच्या कागदावर तो आलेख तीन उतारांचा दिसतो: पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातून ऊतींत पसरण्याचा तीव्र उतार, मग नेहमीच्या विघटनाचा सौम्य उतार, आणि प्रतिपिंड आल्यावर पुन्हा एक कडेलोटासारखा उतार. मूत्रपिंडातील दाह आणि पूरक प्रथिनांची घट या तिसऱ्या उताराच्या सुमारासच दिसते.

आपल्या मॉडेलमध्ये 'प्रवेश' शून्य करावा, पहिल्या क्षणी प्रतिजनाची एकच मात्रा द्यावी आणि हेच तीन उतार येतात का ते पाहावे. वर लिहिलेल्या समीकरणांत प्रतिजनाचा एकच कप्पा असल्याने पहिला उतार येणार नाही. त्यासाठी रक्ताबाहेरील द्रवाचा दुसरा कप्पा जोडून दोन्हींमध्ये ये-जा ठेवावी लागते. तिसरा उतार मात्र आलाच पाहिजे. तो येत नसेल तर बंधनाचा दर किंवा स्रवण कमी पडते आहे. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीच येत असेल तर पायऱ्यांची साखळी नीट जोडलेली नाही. मूत्रपिंडाचे एकही समीकरण लिहिण्यापूर्वी ही तपासणी पूर्ण करावी, असा माझा आग्रह आहे.

सी३चा आलेख काय सांगतो

या आजारातील सर्वात बोलके मोजमाप सी३चे आहे आणि त्याचा हिशेब कागदावरही करता येतो. निरोगी माणसात रक्तातील सी३चा ताशी साधारण १ ते २ टक्के भाग खर्च होतो आणि तेवढाच नव्याने तयार होतो. १.५ टक्का धरला तर दिवसाचा दर ०.३६ होतो. आता समजा आजाराच्या तीव्र अवस्थेत सी३ सामान्याच्या ३० टक्क्यांवर उतरून स्थिरावले आहे. समतोलात सी३ = ०.३६ ÷ (०.३६ + जादा खप), म्हणून जादा खप दिवसाला ०.८४ येतो, म्हणजे नेहमीच्या दराच्या सव्वादोन पटींहून थोडा अधिक. हा जादा खप एका क्षणात थांबला असे मानले तर सी३ किती दिवसांत भरून येईल? ०.३६ या दराने ते ३० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला साडेपाच दिवसांपेक्षा अधिक लागत नाहीत.

प्रत्यक्ष रुग्णांत याला ६ ते ८ आठवडे लागतात. निर्मितीची क्षमता शाबूत असेल, तर याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की सूज उतरल्यावर आणि लघवी सुटल्यावरही खप सावकाश ओसरत, कित्येक आठवडे चालू असतो. हा खप दिवसाला ०.०५ या दराने, म्हणजे सुमारे १४ दिवसांच्या अर्धायुष्याने कमी होतो असे धरून पुन्हा हिशेब करावा: सी३ ८० टक्क्यांवर येण्यासाठी जादा खप ०.०९ पर्यंत उतरावा लागतो आणि त्याला सुमारे ४५ दिवस, म्हणजे साडेसहा आठवडे लागतात. संचयाच्या समीकरणातील ०.०५ हा आकडा येथून आला आहे. खपामागे आयजीजी प्रकारचे एखादे स्वप्रतिपिंड (शरीराच्याच प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड) असून ते निव्वळ २१ दिवसांच्या अर्धायुष्याने ओसरते असे मानले, तर हाच काळ ६८ दिवसांच्या घरात जातो. तीन सोप्या हिशेबांतून आजाराच्या यंत्रणेविषयी एवढी माहिती मिळते, आणि म्हणूनच या भागावर घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

स्वप्रतिपिंडाची शक्यता कल्पनेतली नाही. या आजाराच्या अनेक मुलांच्या रक्तात फॅक्टर-बी या पूरक प्रथिनाविरुद्धची तात्पुरती प्रतिपिंडे सापडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. पूरक प्रथिने अभिजात, लेक्टिन आणि पर्यायी अशा तीन मार्गांनी जागी होतात; फॅक्टर-बी हा पर्यायी मार्गाचा घटक आहे. सी३बी (सी३ तुटून बनणारा तुकडा) आणि फॅक्टर-बीचा सक्रिय तुकडा मिळून सी३ तोडणारे विकर बनवतात. हे विकर एरवी सुमारे ९० सेकंदांत अर्धे विखुरते, पण प्रॉपर्डिन या प्रथिनाच्या आधाराने ते कितीतरी अधिक वेळ टिकते. तोडलेल्या सी३पासून पुन्हा सी३बी बनते, त्यामुळे हा स्वतःला वाढवणारा फेरा आहे. मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत 'खप × संचय' याऐवजी हा फेरा स्पष्टपणे मांडावा आणि स्वप्रतिपिंडाचे स्वतंत्र चल जोडावे.

सी४चे चलही अवश्य ठेवावे, जरी ते कुठेच काही घडवत नसले तरी. प्रतिपिंडाने जागा होणारा अभिजात मार्ग सी४ खर्च करतो. पर्यायी मार्ग करत नाही. सर्व खप अभिजात मार्गाने होतो असे मांडल्यास मॉडेलमध्ये सी३बरोबर सी४ही घसरते, आणि ते चित्र ल्युपस या स्वप्रतिकारक आजारातील मूत्रपिंडदाहाशी जुळते, या आजाराशी नाही. संचयात आयजीजी असूनही सी४ का टिकते, हा प्रश्न मॉडेलच्या माध्यमातून हाताळण्यासारखा आहे: सुरुवातीचा छोटासा भाग अभिजात किंवा लेक्टिन मार्गाला द्यावा, पुढचा सारा भार पर्यायी फेऱ्यावर टाकावा, आणि सी४ सामान्य मर्यादेत राहण्यासाठी हा पहिला भाग जास्तीत जास्त किती असू शकतो ते काढावे.

गाळणीपासून सुजेपर्यंत

न्यूट्रोफिलचे चल सी३च्या खपातून निघणाऱ्या सी५एच्या (न्यूट्रोफिलना ओढून आणणाऱ्या पूरक प्रथिनाच्या तुकड्याच्या) प्रमाणात वाढवावे आणि दोन-तीन दिवसांच्या अर्धायुष्याने उतरवावे. गाळण दर हा गाळण गुणांक गुणिले निव्वळ दाब असा लिहितात. प्रौढ माणसासाठी पाठ्यपुस्तकी आकडे असे आहेत: केशवाहिनीतील दाब ६०, गाळणीभोवतीच्या बोमन संपुटातील दाब १८ आणि प्रथिनांचा परासरण दाब ३२ मिलिमीटर पारा, निव्वळ दाब १०, गुणांक १२.५, गाळण दर मिनिटाला १२५ मिलिलिटर. या आजारात मुख्यतः गुणांक घसरतो, कारण सुजलेल्या आणि वाढलेल्या पेशींमुळे गाळणीचा मोकळा पृष्ठभाग कमी होतो.

येथे एक बारकावा बहुधा नजरेतून सुटतो. गुणांक निम्मा केला की गाळण दर निम्मा होईल असे वाटते, पण कमी पाणी गाळले गेल्यामुळे केशवाहिनीत प्रथिने कमी दाट होतात आणि परासरण दाबही उतरतो. तो ३२ वरून ३० वर आला असे उदाहरणादाखल धरले, तर निव्वळ दाब १२ आणि गाळण दर ६.२५ × १२, म्हणजे ७५ येतो, ६२.५ नाही. म्हणून परासरण दाब स्थिर आकडा न ठेवता गाळलेल्या अंशावर अवलंबून ठेवावा. मूल २५ किलोचे असेल तर त्याचा शरीरपृष्ठभाग सुमारे ०.९ चौरस मीटर असतो, १.७३ चौरस मीटरला १२० या प्रमाणात त्याचा प्रत्यक्ष गाळण दर मिनिटाला ६२ मिलिलिटरच्या आसपास येतो. प्रौढाचे आकडे तसेच उचलून मुलाच्या क्रिएटिनीनशी ताडून पाहिले तर सर्व निष्कर्ष चुकतात.

क्रिएटिनीन थेट गाळण दराच्या व्यस्त प्रमाणात काढू नये. त्याचे स्वतःचे समीकरण लिहावे: निर्मिती वजा गाळून गेलेले, भागिले शरीरातील एकूण पाणी. त्यामुळे गाळण दर कोसळल्यावर क्रिएटिनीन मागाहून चढते. सोडियमचाही असाच ताळेबंद ठेवावा. लघवीवाटे जाणारे सोडियम कमी झाले की पेशीबाह्य द्रव वाढतो; एक लिटर जादा द्रवामागे शरीरात सुमारे ८ ते ९ ग्रॅम मीठ साठलेले असते आणि वजन किलोभर वाढते. या आजारात द्रव साठल्यामुळे रेनिन या रक्तदाब वाढवणाऱ्या घटकाची पातळी दबलेली असते, म्हणून रक्तदाबाचे समीकरण द्रवाच्या आकारमानावर बेतावे, रेनिनवर नाही. मीठ कमी दिल्यावर आणि लघवी वाढवणारी औषधे दिल्यावर मॉडेलमधील रक्तदाब उतरला पाहिजे.

संगणकावर सोडवताना

पायथनमधील सायपाय ही लायब्ररी यासाठी पुरेशी आहे. ज्यांना संगणक-कार्यक्रम लिहायचा नाही त्यांनी कोपासी हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. पर्यायी मार्गाचा फेरा घातल्यावर मॉडेलमध्ये ९० सेकंदांची आणि २१ दिवसांची घटना एकत्र नांदू लागतात, म्हणजे कालमानांत सुमारे २० हजार पटींचा फरक पडतो. अशा ताठर समीकरणांवर नेहमीची रुंगे-कुट्टा पद्धत अतिशय लहान पावले टाकत रखडते, म्हणून बीडीएफ, राडाऊ किंवा एलसोडा यांपैकी एक अप्रत्यक्ष पद्धत निवडावी. किंवा विकर क्षणात समतोल साधते असे मानून त्याचे समीकरण बीजगणिताने काढून टाकावे. दोन्ही प्रकारे सोडवून उत्तरे जुळतात का ते पाहणे सर्वात उत्तम. सापेक्ष चुकीची मर्यादा दहा लाखांत एक ठेवावी, ती आणखी दहापट कडक करावी आणि आलेख हलतो का ते तपासावे. 'प्रवेश' जिथे अचानक सुरू होतो किंवा थांबतो तिथे सोडवणाऱ्याला थांबवून पुन्हा सुरू करावे, नाहीतर तो एखादी छोटी मात्रा ओलांडून पुढे निघून जातो. प्रत्येक वेळी प्रतिजनाचा ताळेबंद मांडावा: आत आलेले प्रतिजन हे उरलेले, बांधलेले, रुतलेले आणि नष्ट झालेले यांच्या बेरजेइतके असलेच पाहिजे. कोणतेही चल शून्याखाली गेले तर ते जबरदस्तीने शून्य करू नये, कारण शोधावे.

प्राचलांची तक्ता-फाइल वेगळी ठेवावी आणि प्रत्येक आकड्यासमोर तो मोजलेला आहे, हिशेबाने काढलेला आहे की गृहीत धरलेला आहे हे लिहावे. गृहीत आकड्यांना एका पट्ट्यात फिरवून, लॅटिन हायपरक्यूब पद्धतीने (सगळे पट्टे सारखे व्यापणाऱ्या नमुनानिवडीने) काही हजार संच घेऊन, कोणते प्राचल कोणत्या कसोटीला हलवते हे सोबोल निर्देशांकांनी (निकालातील फरकात प्रत्येक प्राचलाचा वाटा दाखवणाऱ्या आकड्यांनी) मोजावे. रुतलेल्या प्रतिजनाची सुटका आणि संचयाची झीज ही दोन प्राचले एकमेकांची जागा घेताना दिसतील. केवळ सी३च्या आलेखावरून ती वेगळी करता येत नाहीत. अशा वेळी दोन्हींची 'योग्य' किंमत छापू नये, त्यांचे संयुक्त क्षेत्र दाखवावे.

मॉडेलला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न त्वचेच्या संसर्गाचा. फक्त 'प्रवेश' हा आलेख बदलावा, बाकी काहीही नाही, आणि लक्षणांपर्यंतचा काळ लांबतो का ते पाहावे. तो पुरेसा लांबत नसेल तर प्राचले ताणून तो जुळवण्यापेक्षा त्वचेतील प्रतिसाद वेगळा आहे का, असा विचार करावा. येथे एक व्यावहारिक सूचना: तुलनेसाठी रुग्णांची माहिती वापरताना त्वचेच्या संसर्गात एएसओ चाचणीवर (जिवाणूच्या स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाविरुद्धची प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबू नये, कारण त्वचेतील स्निग्ध पदार्थांमुळे स्ट्रेप्टोलायसिन-ओ निष्प्रभ होते आणि ही चाचणी अनेकदा फारशी चढत नाही. अँटी-डीएनेज-बी या दुसऱ्या प्रतिपिंडाचे आकडे त्यासाठी अधिक भरवशाचे असतात.

दुसरा प्रश्न पेनिसिलिनचा. 'प्रवेश' दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी तोडून तीन आलेख एकावर एक काढावेत. मूत्रपिंडदाह एकदा सुरू झाल्यावर प्रतिजैविकाने त्याचा मार्ग बदलत नाही, हे वैद्यकीय वास्तव आहे. म्हणून दहाव्या दिवसाचा आलेख औषधाविना असलेल्या आलेखाला जवळजवळ चिकटला पाहिजे. तो बराच खाली जात असेल, तर मॉडेलमध्ये वाहत्या प्रतिजनाला अवाजवी महत्त्व मिळाले आहे आणि रुतलेल्याला फार कमी. पाचव्या दिवसाचा आलेख कुठे पडतो हे रुतण्याच्या वेगावर अवलंबून असते, आणि मला स्वतःला हाच आलेख सर्वात अधिक विचार करायला लावणारा वाटतो.

तिसरा प्रश्न दुसऱ्यांदा झालेल्या संसर्गाचा. यासाठी दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींचा कप्पा जोडावा लागतो, कारण २१ दिवसांच्या अर्धायुष्याचे प्रतिपिंड केवळ आपल्या बळावर वर्षभर टिकत नाही. पहिल्याच दिवशी प्रतिपिंड भरपूर असेल तर प्रतिजन रुतण्यापूर्वीच पकडले जाऊन साफ होते आणि संचय नगण्य राहतो. पण ते मध्यम पातळीवर असेल तर काय होते, हे प्रतिपिंडाची सुरुवातीची पातळी शून्यापासून वर नेत पाहावे.

त्यानंतर आभासी लोकसंख्येकडे वळावे. प्रतिपिंडाचे स्रवण, रुतण्याचा वेग, सफाईची कमाल क्षमता आणि पर्यायी फेऱ्याचा जोर ही प्राचले माणसागणिक लॉग-सामान्य वितरणाने बदलावीत आणि दहा हजार आभासी मुलांवर तोच संसर्ग चालवावा. बहुसंख्यांना काहीही होत नाही, थोड्यांच्या सी३मध्ये घट आणि लघवीत सूक्ष्म रक्त दिसते, आणि अगदी मोजक्यांना सूज येते, असे उतरते प्रमाण मिळाले पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन (एकेक ग्लोमेरुलस असलेले गाळणघटक) असतात आणि ते सारखेच बाधित होत नाहीत. हा फरक महत्त्वाचा वाटत असेल तर पुढची पायरी म्हणून नेटलोगो या सॉफ्टवेअरमध्ये एका ग्लोमेरुलसचे पेशीगणिक मॉडेल करता येते. समीकरणांचे मॉडेल स्थिर होईपर्यंत मात्र तिकडे वळू नये.

एक प्रयोग अखेरीस जरूर करावा. स्वप्रतिपिंडाचा ऱ्हास बंद करून ते कायम ठेवावे. सी३ खाली जाते आणि खालीच राहते, संचयात सी३चे प्रमाण वाढत जाते आणि गाळण दर अर्धवट सावरून पुन्हा ढळू लागतो. रुग्णांमध्ये सी३ १२ आठवड्यांनंतरही कमी राहिले तर डॉक्टर सी३ ग्लोमेरुलोपॅथी या वेगळ्या, दीर्घ चालणाऱ्या आजाराचा विचार करतात आणि मूत्रपिंडाची बायोप्सी सुचवू शकतात. आभासी मुलांपैकी कोणाचा आलेख पूर्ववत होईल आणि कोणाचा होणार नाही, हे सहाव्या आठवड्याच्या सी३वरून ओळखता येते की आठव्या आठवड्यापर्यंत थांबावे लागते, हे मॉडेलवर तपासता येते. त्यातून निघालेले उत्तर संशोधनासाठी प्रश्न म्हणून मांडावे. एखाद्या प्रत्यक्ष मुलाच्या उपचाराचा निर्णय त्यावर कदापि घेऊ नये. मॉडेल प्रसिद्ध करताना समीकरणे एसबीएमएल या सामायिक स्वरूपात, प्राचलांची तक्ता-फाइल, यादृच्छिक संख्यांचे बीज आणि बाजूला राखलेल्या कसोट्यांचे निकाल, अपयशी ठरलेल्या कसोट्यांसह, एकत्र ठेवावेत.